नाव 'आय सेव्हन', लक्षण खोटं!

गेमिंग पीसी असेंबल करायचाय? मग कार्डाच्या किमतीआधी स्वतःला चार प्रश्न विचारा

निकाल लागला, अॅडमिशन पक्की झाली की बऱ्याच घरांमध्ये एक विषय हमखास निघतो, नव्या कॉम्प्युटरचा. घरच्यांसमोर तो 'प्रोजेक्टसाठी' असतो, मित्रांच्या ग्रुपवर 'व्हॅलोरंटसाठी'. गंमत म्हणजे दोन्ही खरं असतं. बाबा एकच विचारतात, "किती लागतील?" आणि इथूनच घोळ सुरू होतो.

कारण नेटवर शोधलं की समोर येते ती ही जाहिरात: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, रंगीबेरंगी लायटिंगचं कॅबिनेट, वर मॉनिटर-कीबोर्ड-माऊस फ्री. किंमत वीस-पंचवीस हजार! घरातल्या सगळ्यांना वाटतं, अरे वा, दुकानदार तर साठ-सत्तर हजार सांगत होता. ऑर्डर जाते, खोकं येतं, लाईट लागतात. नवा गेम टाकला की मात्र स्क्रीनवर स्लाईड शो!

एवढा पैसा घरातून पुन्हा लगेच निघत नाही. म्हणून पीसी असेंबल करण्याआधी कुठला पार्ट कशासाठी असतो आणि पैसा कुठे टाकायचा, कुठे वाचवायचा हे कळायलाच हवं. त्यासाठी इंजिनीअर असायची गरज नाही.

'आय सेव्हन', पण कुठल्या सालातला?

आधी त्या जाहिरातीचं पोस्टमार्टेम करू. 'आय सेव्हन' हे मॉडेलचं नाव नाही, ते घराण्याचं नाव आहे. या घराण्यात दरवर्षी-दोन वर्षांनी नवी पिढी येते. आय सेव्हन २६०० हा प्रोसेसर २०११ चा, ३७७० हा २०१२ चा. स्वस्त 'गेमिंग पीसी'मध्ये बहुतेक वेळा हेच जुने प्रोसेसर असतात, ऑफिसांनी काढून टाकलेल्या मशीनमधले. २०२२ च्या सुरुवातीला आलेला साधा आय थ्री १२१०० घ्या. त्यातही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, २६०० मध्ये होते तेवढेच. पण वेगात हा 'धाकटा' त्या 'थोरल्या'ला कितीतरी मागे टाकतो.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' हीसुद्धा तशीच गंमत. जीटी ७३० नावाचं २०१४ चं कार्ड ४ जीबी मेमरीसह मिळतं. त्याचं काम मुळात स्क्रीनवर चित्र दाखवणं, गेम पळवणं नाही. गोदाम मोठं असलं म्हणून कारखाना मोठा होत नाही, तसंच हे.

आणखी एक अडचण. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० लागतं. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडतच नाही. २०११ चा आय सेव्हन इथे दारातच अडतो.

तेव्हा पहिला नियम: पूर्ण मॉडेल नंबर विचारल्याशिवाय एक रुपयाही काढायचा नाही. विकणारा नंबर सांगायला टाळाटाळ करत असेल, तर उत्तर मिळालं म्हणून समजा.

आधी गेम, मग स्क्रीन, मग बाकी सगळं

बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात आणि मॉनिटर शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. खरं तर उलटं चालायला हवं. कार्डावर किती काम पडणार हे स्क्रीन ठरवते.

हिशोब सोपा आहे. फुल एचडी म्हणजे १०८०पी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७३ हजार ठिपके असतात. १४४०पी स्क्रीनवर ते ३६ लाख ८६ हजार होतात. फोर-के स्क्रीनवर ८२ लाख ९४ हजार, फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमसाठी हे सगळे ठिपके कार्डाला रंगवायचे असतात. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर जेमतेम ७. म्हणजे स्क्रीन बदलली की बजेट बदललंच.

आता गेम. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांना भारी ग्राफिक्सपेक्षा जास्त फ्रेम हव्या असतात आणि तिथे प्रोसेसरचा कस लागतो. सायबरपंक २०७७ किंवा ब्लॅक मिथ: वुकाँगसारख्या गोष्टीच्या, भव्य गेममध्ये भार कार्डावर जातो. 'मी जीटीए ६ साठी पीसी बनवतोय' म्हणणारेही भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं की तो गेम सुरुवातीला फक्त कन्सोलसाठीच जाहीर झालाय. जो गेम अजून आलाच नाही, त्याच्यासाठी आज बाबांचा खिसा रिकामा करू नका.

म्हणून कागदावर चार प्रश्न लिहा. कुठले तीन-चार गेम खेळणार? कुठल्या स्क्रीनवर? गेमशिवाय काय करणार, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, कोडिंग? आणि पुढच्या तीन वर्षांत अपग्रेडला पैसे मिळणार का? ही उत्तरं नसतील, तर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल तुमच्या गळ्यात मारणार हे नक्की.

रुपयाचे शंभर पैसे

पार्ट्सचे भाव आठवड्यागणिक हलतात, त्यामुळे यादी छापण्यात अर्थ नाही. वाटणी मात्र लक्षात ठेवता येते. मॉनिटर, यूपीएस, कीबोर्ड-माऊस बाजूला ठेवा. उरलेल्या रुपयातले साधारण ४० पैसे ग्राफिक्स कार्डाला, १८ प्रोसेसरला, १२ मदरबोर्डला, ११ रॅमला, प्रत्येकी ७ एसएसडी आणि एसएमपीएसला आणि ५ कॅबिनेटला. हे काही ब्रह्मवाक्य नाही. एडिटिंग करणारे रॅम वाढवतील, फक्त व्हॅलोरंट खेळणारे कार्डातले थोडे पैसे प्रोसेसरकडे वळवतील. पण तुमच्या कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि लायटिंगलाच १५ पैसे गेले असतील, तर कुठेतरी गडबड आहे.

मुद्दा जोडी जमण्याचा आहे. महागडं कार्ड आणि जुना प्रोसेसर असेल, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. उलटं केलं तर प्रोसेसर रिकामा. एका बैलाची चाल मंद असली की गाडी त्याच चालीनं जाते, दुसरा कितीही तगडा असो.

बोर्ड घेताना पुढचं पाहा

प्रोसेसर ज्या खाचेत बसतो ते सॉकेट. इथे आजचा निर्णय पुढच्या चार वर्षांवर परिणाम करतो. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ पासून चाललं आणि कितीतरी लोकांनी त्याच बोर्डवर प्रोसेसर बदलून काम भागवलं. २०२२ मध्ये एएम५ आलं, त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं कंपनीनं जाहीर केलंय. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला मात्र नवं सॉकेट लागतं. म्हणजे बारावी ते चौदावी पिढी घेतली, तर पुढे मोठी उडी मारताना बोर्डही बदलावा लागेल.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडेही लक्ष हवं. इंटेलच्या प्रोसेसरच्या शेवटी 'एफ' असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार. एएमडीचा रायझन ५ ५६००जी आणि नुसता ५६०० यांतही हाच फरक: 'जी'मध्ये ग्राफिक्स आहे, दुसऱ्यात नाही. एका अक्षराचा फरक, पण पहिल्याच दिवशी दुकानात परत पळवतो.

कार्डाची मेमरी

फुल एचडीसाठी ८ जीबीचं कार्ड अजून चालतं, पण नव्या गेममध्ये टेक्श्चर वाढवले की मेमरी भरते आणि खेळ अडखळू लागतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. नाव तेच, खोकंही जवळजवळ सारखं! १४४०पी स्क्रीन असेल किंवा कार्ड चार-पाच वर्षं वापरायचं असेल, तर १६ जीबीला प्राधान्य द्या. बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्या.

एकाच कार्डाची चार कंपन्यांची मॉडेल्स असतात, तीन पंख्यांची, ओव्हरक्लॉक केलेली, पांढरी, लायटिंगवाली. मूळ चिप सारखीच असल्यामुळे वेगात किरकोळ फरक पडतो. त्या फरकासाठी पाच-सहा हजार जास्त देण्यापेक्षा तेच पैसे वरच्या चिपकडे किंवा मॉनिटरकडे वळवलेले बरे.

रॅम: एक की दोन?

१६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतल्या, तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन वाटा मिळतात. ड्युअल चॅनल म्हणतात ते हेच. वेगळं कार्ड नसताना तर हा फरक डोळ्यांना दिसतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या पट्ट्यांची खाच वेगळी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, त्यामुळे बोर्ड आणि रॅम एकत्रच ठरवा.

रॅमचा आणखी एक ताजा विषय म्हणजे तिची किंमत. २०२५ च्या शेवटाकडे जगभर मेमरीचे भाव झपाट्यानं चढले. एआयच्या डेटा सेंटर्सना इतकी मेमरी लागतेय की चिप बनवणाऱ्या कंपन्यांचं लक्ष तिकडे गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं 'क्रुशल' या आपल्या ग्राहकांसाठीच्या ब्रँडचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुमच्या मोठ्या दादानं दोन वर्षांपूर्वी ज्या भावात रॅम घेतली, तो भाव विसरा. वर सांगितलेले ११ पैसे अशा काळात सहज वाढू शकतात. घरात जुन्या मशीनमधली चांगली डीडीआर४ पडली असेल, तर तिच्याशी जुळणारा बोर्ड घेणं हा शहाणपणाचा पर्याय आहे.

एसएसडी मात्र घ्याच. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई जेन ३ साडेतीन हजारांपर्यंत जाते. जेन ४ त्याच्या दुप्पट, पण गेम खेळताना जेन ३ आणि जेन ४ मधला फरक फारसा जाणवत नाही. तिथे स्वस्तातली पण नावाजलेल्या कंपनीची १ टीबी पुरे.

इथे काटकसर नको!

सगळ्यात दुर्लक्षित पार्ट म्हणजे एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या पार्ट्सना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवतो. गेमला तो एकही फ्रेम वाढवून देत नाही, म्हणून सगळे इथेच पैसे वाचवतात. "कॅबिनेटसोबत फ्री आहे, घेऊन टाका," असं ऐकलंत तर सावध व्हा. त्या फुकटच्या डब्यावर ५०० वॉट छापलेलं असतं, पण तेवढी वीज तो सलग देईल याची खात्री नसते. व्होल्टेज वर-खाली झाल्यावर किंवा शॉर्ट झाल्यावर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवणारी संरक्षणं त्यात कितपत आहेत, हेही सांगता येत नाही. तो जाताना एकटा जाईलच असं नाही. चाळीस पैशांचं कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

वॉटचा हिशोब घाबरवणारा नाही. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉट घेतं, प्रोसेसर, बोर्ड, पंखे धरून पूर्ण मशीन तीनशेच्या आसपास जातं. कंपनी या कार्डासाठी ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते, म्हणजे ६५० चा चांगला युनिट निवांत पुरतो. '८० प्लस ब्राँझ', 'गोल्ड' या शिक्क्यांवरून वीज किती वाया जाते ते कळतं, दर्जाची पूर्ण हमी त्यातून मिळत नाही. म्हणून शिक्क्याबरोबर त्या मॉडेलचे रिव्ह्यू आणि वॉरंटीची वर्षंही बघा.

आता आपल्याकडच्या विजेबद्दल. लोडशेडिंग असणाऱ्या गावात यूपीएस लागणारच. पण साधा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना मशीन आणि मॉनिटर मिळून तेवढ्याला भिडतात आणि लाईट गेली की यूपीएसही 'टूं' करून झोपतो. गेमिंग पीसीला हजार-अकराशे व्हीएचा बरा. त्याचं काम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरतं, मॅच संपवण्यासाठी नाही. शिवाय अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर दोष पीसीचाच असेल असं नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

उन्हाळ्याचंही तसंच. नागपूर-अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट आतून भट्टी होतं. समोर जाळी, दोन पंखे आत हवा घेणारे, एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. धुळीसाठी जाळीचा फिल्टर महिन्यातून एकदा झटका.

लॅमिंग्टन रोडवर जाताना

मुंबईत पार्ट्स घ्यायचे म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव सांगितलंत तर टॅक्सीवालाही दोन सेकंद विचार करेल. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा आठवड्यातला एखादा मोकळा दिवस काढा. पहिल्याच दुकानात "क्या बजेट है, भाई?" हा प्रश्न येईल. बजेट सांगू नका, यादी दाखवा. बजेट सांगितलं की मशीन बजेटएवढंच महाग होतं. यादी दाखवली की प्रत्येक पार्टचा भाव मिळतो. किमान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्या, ऑनलाईन भावाशी ताडून बघा आणि मगच घासाघीस करा.

"बिल नको असेल तर अजून कमी करतो," हेही कानावर येईल. जीएसटी १८ टक्के आहे, म्हणजे दहा हजारांच्या वस्तूवर १,८०० रुपये. मोह होतो. पण कार्ड दीड वर्षानं बंद पडलं की सर्व्हिस सेंटरवाला बिल मागतो, तेव्हा ते वाचवलेले १,८०० फार महाग पडतात. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर, भारतात चालणारी वॉरंटी आणि तुमच्या गावापासून जवळचं सर्व्हिस सेंटर, या चार गोष्टी विचारूनच पैसे द्या. आणि खोकी जपून ठेवा, आई माळा आवरताना कितीही रागावली तरी!

सेकंड हँड घेणं वाईट नाही. प्रोसेसर सहसा दगा देत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र वापरलेले नकोत. कार्ड घेताना विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास गेम चालवून तापमान बघा, बिल मागा. आणि जीटीएक्स १०६०, १६६० सारखी कार्डं स्वस्त दिसली तरी थांबा. १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर अपडेट ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल, डूम: द डार्क एजेस हे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलं कार्डच मागतात, १६६० मध्ये ते नाही.

पैसे कमी पडतायत?

असेंबल करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा की सगळं एकदम घ्यायलाच हवं असं नाही. रायझन ५ ८६००जीसारखा स्वतःचं बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, चांगला बोर्ड, दोन पट्ट्या रॅम आणि पुरेसा एसएमपीएस घ्या. कार्ड आत्ता सोडून द्या. फुल एचडीवर व्हॅलोरंट छान चालतं, कॉलेजचा अभ्यास होतो, कोडिंग होतं. वर्षभरानं इंटर्नशिपचा स्टायपेंड साठला की कार्ड आणून खोचा. एसएमपीएस आधीच चांगला घेतलेला असल्यामुळे बाकी काही बदलावं लागत नाही.

मशीन घरी आल्यावर तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. मॉनिटरची केबल बोर्डला न लावता कार्डाला लावा (कार्ड असेल तर). बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर पैसे मोजलेली रॅम कमी वेगानं चालत राहते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडा, कारण कित्येकदा ते ६० वरच अडकलेलं असतं.

बाबांच्या "किती लागतील?" या प्रश्नाला आकडा सांगण्याआधी ही यादी समोर ठेवा. कुठला पार्ट, का हवा, वॉरंटी किती, पुढे काय बदलता येईल, हे सगळं तिच्यात असू द्या. मागे पडलेला आकडाही मग थोडा पुढे सरकण्याची शक्यता वाढते.